जागेवर

उद्यमनगरात माझं काम मापाचं.
कास्टिंग येतं, व्हर्नियर लावायचा,
ठरलेली सूट असते, केसाएवढी,
तिच्यापलीकडं गेलं की लाल खडू.
चौगुले मिस्त्री सांगतात नव्या पोरांना,
बाईंच्या हातून चुकीचा तुकडा पुढं गेलेला नाही.

गेल्या नवरात्रात खांदा दुखत होता.
मला वाटलं, ट्रे उचलला म्हणून.
बाम चोळला, दुसरी पाळीही केली.
खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध
ते दसरा चौकात कळलं,
इंद्रजितनं रिक्षा उलट्या बाजूनं घालायला लावली तेव्हा.

डावी नळी काढली.
घरी आल्यावर मामी म्हणाल्या,
'राहिलंच नव्हतं, असं धर.'
राहिलं होतं.
जागा चुकली होती फक्त,
आणि जागा चुकली म्हणून कुणी कमी आपलं होतं का,
हे विचारायला घरात जागा नव्हती.

आता पुन्हा. सहा आठवडे, एक दिवस.
पेढे नाहीत. सासूबाईंनाही अजून नाही.
इंद्रजित रात्री गंगावेशीतून दूध आणतो,
म्हशीखालचं, फेसाळ,
मॅडम म्हणाल्या कच्चं अजिबात नको,
तर तीनदा उकळतो,
पातेल्यापाशी उभा राहतो सांडशी धरून.
त्याच्या भीतीला तेवढं तरी काम आहे.

माझी रिकामीच हिंडते.
दिवसातून दहा-अकरा वेळा बाथरूमची कडी लावते,
दिवा लावून बघते.
डाग नसला की हायसं वाटतं,
पुढच्या घोट पाण्यापर्यंत.

शाहूपुरीतल्या लॅबमध्ये एक दिवसाआड रक्त.
आकडा दुप्पट व्हायला हवा, झालाही.
लोकांना वाटतं मला आकड्यांचा धीर येत असेल.
आकडा सकाळचा असतो हो,
संध्याकाळी शिळा होतो.

काल सोनोग्राफी.
भिंतीवर ती पाटी,
इथं मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही.
नका सांगू.
मला एवढंच सांगा, कुठं आहे.
जेल गार होतं. मगदूम मॅडम बराच वेळ बोलल्या नाहीत,
मी छताच्या पंख्याची पाती मोजली,
तीनच होती, पुन्हा मोजली.
मग म्हणाल्या, 'पिशवीत आहे. जागेवर आहे.
हे बघा, लुकलुकतंय.'
चार पूर्णांक दोन मिलिमीटर.
आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यानं घेतलेलं माप
मी तपासल्याशिवाय मान्य केलं.

बाहेर इंद्रजित दोन्ही हेल्मेटं मांडीवर घेऊन बसला होता.
मी मान हलवली. त्यानं विचारलं,
'म्हणजे हो का न्हाई?'

आणि तरी रात्री तीनला जाग आली.
खांदा.
'कुठला?' तो ताडकन उठून बसला.
'उजवा.'
'पोटात?'
'नाही.'
'चक्कर?'
'नाही.'
त्यानं दिवा लावला, माझ्याकडं नीट बघितलं,
'अगं, उजव्या कुशीवरच तर झोपलीस संध्याकाळपासनं.'
हसू आलं, लगेच भीती वाटली हसल्याची,
पोट हललं म्हणून.

दिवा तसाच राहू दिला.
मॅडमचा नंबर उशाशी, रिक्षावाल्या बाबूचाही.
पुढच्या मंगळवारी परत बघायचं म्हणाल्यात.
मंगळवारपर्यंतचं मला झेपत नाही.
सकाळपर्यंतचं झेपेल बहुतेक.
तेवढी सूट धरते,
आणि खडू आज हातात घेत नाही.