रश्श्याचे पैसे

कॅनडा कॉर्नरला जिन्याखाली खैरनारचं कॅफे होतं.
तासाला वीस रुपये. वहीत नाव आणि आत शिरल्याची वेळ.
लढाई ऐन मध्यावर असली तरी
तास भरला की पडदा काळा.
तेव्हा शिव्या घातल्या त्याला.
आता वाटतं, सरळ माणूस.
वेळ विकायचा, वेळेचेच पैसे घ्यायचा.

आता खेळ फुकट आहे.
फुकट म्हणजे कसं,
दार सताड उघडं, खुर्ची पुसलेली, पाण्याचा ग्लास भरलेला,
आणि चमच्याला टोकन.

सातपूरची दुसरी पाळी सुटते रात्री.
तीनदा साबण लावला तरी बोटांना कूलंटचा वास.
हेडफोन चढवतो, तिकडून इफ्तेखार:
"आलास का, मास्तर?"
त्याच्या मागे मालेगावचे माग खडखडतात.
तीन वर्षांत मी त्याला मागांशिवाय ऐकलेलं नाही.

त्याने कधी रुपया घातला नाही.
पहिल्या दिवशी मिळाला तो करडा सदरा
अजून अंगात.
गटात नवी पोरं आली की विचारतात, हा फुकट्या कोण?
आणि दहाव्या मिनिटाला गप्प होतात,
कारण पूल त्यानेच धरलेला असतो,
एकट्याने.

मी घातले. खोटं कशाला बोलू.
नाणी मिळतात ऐंशीच्या गड्डीत, तलवार पंच्याण्णवची.
दोन गड्ड्या घ्या, पासष्ट उरतात.
पासष्टात काहीच येत नाही. नेमकं काहीच नाही.
किराणावाला सुट्ट्यांऐवजी चॉकलेट तरी देतो,
ते पोरगी खाते.
ही पासष्ट कोपऱ्यात लुकलुकत बसतात,
अजून तीस आण म्हणत.

आणि पेट्या.
कालिकेच्या यात्रेत रिंग टाकतो आपण,
तिथे साबण निदान डोळ्यांना दिसतो,
आणि साबणाला रिंग बसत नाही, हेही दिसतं.

माझं म्हणणं एवढंच होतं:
महिन्याचे ठरवून घ्या. खाणावळीसारखे, आगाऊ.
मग माझ्या पोळ्या मोजू नका.
हे मी तावातावाने बोललो एका रात्री.
माग खडखडत राहिले.
मग इफ्तेखार म्हणाला,
"महिन्याचे ठरले, तर मी कुठून खेळू?
तू पेट्या फोडतोस म्हणून माझं चालतं.
माझं तिकीट तूच काढतोस, मास्तर."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

फेब्रुवारीत निरोप आला, मार्चअखेर सर्व्हर बंद.
कंपनीच्या बसमध्ये बँकेचे मेसेज उलटे चाळत गेलो:
अकरा हजार तीनशे चाळीस.
भाडेकरूला डिपॉझिट तरी परत मिळतं.
तलवार माझी नव्हती, भाड्याचीही नव्हती,
नुसती दाखवलेली होती.

एप्रिलमध्ये तो सुताच्या कामाने नाशिकला आला.
मिसळीच्या दुकानात दोघं शेजारच्या टेबलांवर
वीस मिनिटं एकमेकांची वाट पाहत बसलो.
त्याने पोऱ्याकडे पाणी मागितलं
तेव्हा कुठे मी वळलो.

रस्सा आला. परत आला. बादली घेऊन पोऱ्या तिसऱ्यांदा आला.
इफ्तेखारने हळूच विचारलं,
"याचे वेगळे?"
नाही.
"अजून मागितला तर?"
तरी नाही.
तो बादलीकडे बघत राहिला जरा वेळ,
कुठेतरी बारीक अक्षरात काही लिहिलंय का, असं.

मी हात धुवून येईपर्यंत त्याने पैसे देऊन टाकले होते.
सुटे नव्हते, गल्ल्यावरून दोन चॉकलेटं मिळाली.
एक म्हणाला, पोरीला दे.
दुसरं तिथेच सोललं, तोंडात टाकलं,
आणि चघळता चघळता म्हणाला,
"नवा खेळ आलाय, मास्तर.
फुकट आहे."