घ्र

सगुण मास्तर गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी,
गोठ्याच्या दारात, हातात तांब्या असताना.
सकाळच्या सात गायी पिळून झाल्या होत्या की नव्हत्या
यावर मुलगा आणि सून अजून वाद घालत होती.
मी वाळपईची बस चुकवून, रानातून चालत,
पोचलो तेव्हाही.

आमची शाळा म्हणजे सातेरीच्या मांडवाची पश्चिम बाजू.
पोर्तुगीज गेल्यावर सरकारने पाठवला एक फळा
आणि दोन डबे खडू.
मास्तर पाठवावे लागले नाहीत, ते इथलेच,
शेण लागलेल्या पायांनी आले.
आधी वारुळासमोर गाऱ्हाणे, मग पाढे.
गाऱ्हाण्यात आम्ही पोरे, मग गुरे,
मग वाटेने येणारा-जाणारा,
मग नारळ.
स्वतःचे काही मागायला जागा उरत नसे.

बावीस कपिला होत्या तेव्हा.
पांढऱ्या, बुटक्या, डोंगर चढणाऱ्या,
दोन शेर दूध आणि भरपूर मिजास.
बँकेचा माणूस जर्सीचे कर्ज घेऊन आला,
त्याला मास्तरांनी दोनदा चहा पाजला
आणि कर्ज त्याच्याच बॅगेत परत घातले.
एकादशीला स्वतः उपाशी, गुरांना दुप्पट गवत.
गोरवांच्या पाडव्याला गुरांच्या गळ्यात पोळ्यांच्या माळा;
त्या आम्ही पळवायचो, ते पाठ करून उभे राहायचे.

वासरांची नावे आम्ही ठेवायची, पाटीवर लिहून.
चुकले तर वासरू बिननावाचे.
मला ‘ज्योत्स्ना’ हवे होते.
ती गाय म्हातारी झाली, तरी मला लिहिता आले नाही.
पुढे तिच्या वंशातल्या सगळ्यांना
मास्तर ‘ह्याची गाय’ म्हणत. ह्याची म्हणजे माझी.

त्यातलीच एक वाघाने मारली, बारा वर्षांमागे,
ओहोळापलीकडे, सड्यावर.
आम्ही चौघे रात्री गेलो.
बाटली माझ्या खिशात होती.
हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

मास्तर आधीच तिथे. कांबळे पांघरून, गायीच्या शिंगांशी.
हातात जपमाळ नव्हती, दावे होते.
बॅटरी आमच्या तोंडावर मारून त्यांनी हजेरी घेतली,
चौघांची, आडनावांसकट.
आम्ही ‘हजर’ म्हणालो. काय करणार?
मग काठी माझ्याकडे: “लिही. व्याघ्र.”
पन्नाशी उलटलेला मी,
उकिडवा बसून मातीत लिहू लागलो.
“घ ला र लागला नाही. तिसरीतही लागला नव्हता.
त्याच्या पाषाणापुढे दर वर्षी नारळ ठेवतोस, मरे,
आणि नाव येत नाही?”
वाकून, गुडघ्यावर हात ठेवून,
ती तिरकी रेघ त्यांनी स्वतः ओढली.
बाटलीबद्दल एक शब्द नाही.

उजाडेपर्यंत बसलो. धोंडूला सारख्या शिंका.
वाघ आला नाही, किंवा आला आणि
पाच माणसे पाहून मागे फिरला.

मला अजून वाटते, चूक होती त्यांची.
चैत्र संपायच्या आत आणखी दोन गेल्या,
त्यातली एक आमच्या दारची, नातवाच्या दुधाची.
मी जाऊन तसे तोंडावर बोललो.
“खरे आहे,” म्हणाले.
दुसऱ्या सकाळी आमच्या खुंट्याला
एक गाभण कपिला बांधलेली, दाव्याला नवी गाठ.

आता लोक ओट्यावर, लाकडांची वाट बघत.
मी मागे गोठ्यात गेलो, एकेकीच्या कासेला हात लावला.
सहा रिकाम्या.
सातवी टच्च भरलेली, पान्ह्याने ठिबकणारी.
वाद मिटवता आला असता; मी आत गेलो नाही.
कासंडी धुतली, उकिडवा बसलो.
तिने आधी लाथ मारली.