चवीपुरतं

पर्वरीच्या भाचीने डबा आणला.
वर धुक्यातल्या डोंगराचं चित्र, आत पंचवीस पुड्या,
प्रत्येकीला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी,
जत्रेत हरवू नये म्हणून पोराच्या गळ्यात बांधतात तशी.
"ग्रीन टी. मामाचं प्रेशर उतरेल," म्हणाली.
डॉक्टर आधीच बोलले होते:
उतरलं तर दोन-चार अंक, तेही महिन्यांनी.
गोळी सोडायची नाही.
आणि मीठ...
इथे ते थांबले.
समोर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक होतं.

चाळीस हंगाम ह्यांनी आगरवाड्यात मीठ काढलं.
मानस उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचं,
एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
पायांनी गाळ तुडवून तळ आरशासारखा करायचा
आणि मग काही करायचं नाही.
अंगठा बुडवून जिभेला लावायचे, सांगायचे,
"परवा धरेल."
परवाच धरायचं.
बांध फुटला त्या सालापासून तिथे कोळंबी पोसतात.
ह्यांच्या टाचांच्या भेगा अजून पांढऱ्याच आहेत.

तर असा माणूस रोज सकाळी सात वाजता
पडवीत बसून गवताच्या रंगाचं पाणी पितो.
मी घड्याळ लावते. तीन मिनिटं,
जास्त झालं की कडू.
पहिल्या दिवशी घोट घेऊन म्हणाले,
"हंगामाच्या पहिल्या पाण्यासारखं आहे हे,
ह्यात अजून काही झालेलं नाही."

पंधरवड्याला उपकेंद्रात सिस्टर एस्पेरांस
दंडाला पट्टा आवळते, फुगा दाबते,
डोळे मिटून ऐकते.
मी वहीत लिहिते:
एकशे पन्नास, नव्वद.
एकशे चोपन्न, नव्वद.
एकदा एकशे सेहेचाळीस झालं,
त्या दिवशी मी पोदेराकडून दोन उंडे जास्त घेतले.
मग परत एकशे बावन्न.
माझी आमटी अळणी,
सुकं बांगडं बंद,
तोरांची बरणी शेजारच्या पिएदादच्या फडताळात.
उतरायला हवं होतं की नको?

तीन महिन्यांनी एकदा कप विसळताना
तळाचा थंड घोट, का कोण जाणे, मी प्यायले.
खारट.

उशीखाली चंची सापडली.
पान-सुपारी केव्हाच सुटलेली. आत खडे,
करडे, ओबडधोबड, शेवटच्या हंगामाचे.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इतकं?
ओरडणार होते. तोंड उघडलं
आणि एक खडा आतच टाकला.
पाय गुडघाभर गाळात, डोक्यावर टोपली,
बांधावरून मी चालतेय, मागून हे ओरडतायत, "हळू गो!"
चंची जिथली तिथे ठेवली.

सिस्टरला सांगायला मी एकटीच गेले.
ती म्हणाली, "आधी बस. धापा टाकतेस."
नाव विचारलं. सत्यवती.
नवऱ्याचं?
उखाण्याशिवाय पहिल्यांदाच घेतलं: पुरसो नाईक.
पट्टा ह्या दंडाला कधी शिवला नव्हता.
तिने दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा जास्तच हळू.
एकशे सत्तर, एकशे चार.
"वही कुणाची घेऊन फिरतेस तू?"

घरी येऊन आकडा सांगितला. चंचीचं नाही.
हे काही बोलले नाहीत.
उठले, चूल न शोधता गॅस शोधला,
दोन कप मांडले, दोन दोरे सोडले.
घड्याळाकडे बघितलं नाही.
बोट बुडवलं, जिभेला लावलं,
"धरलं."
मग कमरेची चंची काढून
दोन कपांच्या मधोमध ठेवली.
"चवीपुरतं घालूं?"

वळणावर पोदेराचा भोंपू वाजला.
चंचीची गाठ तशीच.
चहा कडू झाला होता, तीन मिनिटं कधीच उलटलेली.
दोघांनी प्यायलो.