छाट

माझी आई दिवसाला हजार विड्या वळायची.
हे वाक्य मी किती वेळा विकलं, मोजलेलं नाही.
बंगळुरूत, सिंगापुरात, एकदा दुबईच्या
काचेच्या थंडगार खोलीत.
मोठी माणसं कपातला चमचा थांबवून ऐकायची.
मग पुढचं चित्र पडद्यावर यायचं:
लहान शहरं, मोठी भूक, शिक्षण.
पहिल्या फंडात चाळीस कोटी आले.
हजारामागे तिला किती मिळायचे
ते कुणी विचारलं नाही,
आणि मीही सांगितलं नाही.

आईला विचारलं तर ती सांगते गुर्रम चेकरचं.
विडी कारखान्याच्या खिडकीशी बसायचा,
कट्टा उचलायचा, अंगठ्याने दाबायचा.
बारीक. सैल. तोंड उघडं.
एक शब्द न बोलता बाजूला सारायचा: छाट.
हजारातल्या साठ-सत्तर अशा जायच्या,
तेवढे पैसे कापले जायचे
आणि छाटलेल्या विड्या परत मिळायच्या नाहीत.
त्या कुठे जायच्या, सगळ्या बायकांना ठाऊक होतं.
मी पिशवी धरून उभा, सहावीत असेन.
खिडकीच्या आत पंखा होता.
तेव्हाच ठरवलं, आपण आत बसायचं.

बसलो. अकरा वर्षं बसलो.
कुणी गणिताचं ॲप घेऊन आला, कुणी बोलणारी बाराखडी,
कुणी बीडचा, कुणी बोस्टनहून परतलेला,
घामेजलेला लॅपटॉप, पाठ केलेले आकडे.
प्रत्येकाला वीस मिनिटं.
मी अंगठ्याने दाबून बघायचो.
सैल.
"छान आहे, कळवतो."

बावीस कंपन्या ठेवल्या.
एक आभाळाला लागली की एकवीस विसरायच्या,
असा आमचा धंदा, आणि तो लपवलेला नाही.
'उजळणी' त्या एकवीसातली.
पंधरा महिन्यांत दोन लाख टॅबलेट विकले तिने.
विकणारी पोरं दारात बसून राहायची
आईबापाचा अंगठा फोनवर उठेपर्यंत.
हे मला बैठकीत कळलं होतं.
तक्त्यात त्याला 'चिकाटी' म्हटलं होतं.
मी मान हलवली होती.

मे महिना. त्रेचाळीस अंश.
विडी घरकुलात, पत्ता यादीतून काढून,
मी का गेलो, मला नीट सांगता येणार नाही.
"कूर्चो, अन्ना," म्हणाली पद्मा म्याकल,
चटई झटकली, मांडीवरचं सूप तसंच.
मुलगी भार्गवी आतून डोकावली, दहावी झालेली.
"मोठ्या साहेबांकडून आलात?
त्या पोराचा फोन लागत नाही.
एक दिवस गणित चालता चालता थांबलं,
वर्तुळाच्या धड्यावर."
कंपनी बंद झाली, मी म्हणालो.
"आणि हप्ता?"
हप्ता वेगळ्या कंपनीचा असतो.
कर्ज बंद होत नाही.
ती हसली, मी काही गमतीचं बोललो असं.
"चारच राहिलेत. दोन-दोन हजारांचे."
मी भरतो म्हणालो. फोन काढलासुद्धा.
"कशाला? आम्ही कुणाचं बुडवत नाही."

ओल्या फडक्यात तेंदूची पानं गुंडाळलेली,
सुकून वळू नयेत म्हणून त्यांवर दडपण ठेवलेलं.
निळ्या कडांचा, कोपऱ्यात उगवत्या सूर्याचं चिन्ह.
ते चिन्ह आम्ही तीन बैठकांत निवडलं होतं.
तिला माझी नजर कळली असावी.
"वजनाला बरं आहे," ती म्हणाली.

बोलायला काही नव्हतं.
जुनी सवय, मी सुपातला एक कट्टा उचलला,
अंगठ्याने दाबून पाहिला.
पंचवीस. घट्ट.
भार्गवी दारातून माझ्या अंगठ्याकडे बघत होती.
मी कट्टा खाली ठेवला.
तिने तो उचलला आणि परत मोजला.