मोरीकडचा उतार

माझगावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा पुलपिटावर चढलो
तेव्हा हातात अकरा पानं होती,
आणि दर पानावर निदान एक असा शब्द
जो उच्चारल्यावर मलाच घोटभर पाणी लागे.

तिसऱ्या बाकावर सलोमीबाई उजगरे.
रात्रपाळी संपवून इस्पितळातून थेट येत,
पांढऱ्या बुटांवर आयोडीनचा डाग.
पहिल्या गीताला उभ्या राहत, दुसरं बसून म्हणत,
आणि मी ‘प्रिय बंधुभगिनींनो’ म्हटलं की
त्यांची मान हळूच, अगदी अदबीनं, खाली जाई.
मला वाटे, प्रार्थना करतात.
सहा महिने मी मला तसं वाटू दिलं.

मग एका शनिवारी वीज गेली.
मेणबत्तीच्या उजेडात माझंच अक्षर मला लागेना.
उद्याचा दृष्टांत: दहांतलं एक नाणं हरवलेली बाई.
पानं बाजूला सारली, नुसता बसून राहिलो,
तर ती बाईच समोर आली.
म्हातारपाखाडीच्या मागे तिची खोली, दहा बाय बाराची.
तिनं रॉकेलचा डबा सरकवला. ट्रंक ओढली.
झोपलेल्या पोराचा पाय उचलून खाली पाहिलं,
पाय होता तसा ठेवला.
फरशीला गाल लावून पलंगाखाली डोकावली.
फरशीच्या फटीत बोट घातलं:
एक आकडा, एक सुकलेला वाटाणा.
नाणं नाही.

दुसऱ्या दिवशी पानं घरीच राहिली.
मी एवढंच सांगितलं,
डबा, ट्रंक, पोराचा पाय, वाटाणा.
बाकांखाली माणसं आपापल्या पायांकडे पाहू लागली.
आणि मागून सायलस रणपिसे, तीस वर्षं बसचे कंडक्टर,
भर उपदेशात बोलले:
‘मोरीकडे बघा म्हणावं तिला.
नाणं उताराकडे जातं.’

त्या चर्चमध्ये उपदेशात कुणी बोललेलं
भिंतींनीही ऐकलं नव्हतं.
मी पुस्तकाकडे पाहिलं. तिथे मोरी नव्हती.
‘ती मोरीकडे वळली,’ मी म्हणालो.
साबणाच्या बुळबुळीत, कडेला,
होतं.

दाराशी हस्तांदोलन करताना सलोमीबाई थांबल्या.
डोळे लाल, पण उघडे.
‘सापडलं तेव्हा किती वाजले होते?’
म्हटलं, ‘तसं काही लिहिलेलं नाही.’
‘नसेल लिहिलेलं.
पण शेजारणींना बोलावलं ना तिनं, आनंद करायला?
रात्री अडीचला बोलावलं असेल
तर त्या उठून आल्या, हे केवढं!
आमच्या वॉर्डात रात्री कुणाचा ताप उतरतो,
मी कुणाला उठवू, पाळकसाहेब?’
आणि छत्री शोधायला गेल्या.

चार वर्षं मी शिकलो होतो.
शेजारणींच्या झोपेचा प्रश्न
कुणाच्या टिपणांत नव्हता.

पुढच्या रविवारी मला चेव आला.
वादळ आणलं, होडी आणली, शिडाची फडफड,
ससून डॉकवरचे बोंबील, आकाशाला सात उपमा.
सलोमीबाई दुसऱ्याच उपमेला झोपल्या.
रणपिसे खिडकीबाहेर बघत होते,
समोरच्या गच्चीवर कुणी गादी वाळत घातली होती.
मीही बघितली. माझ्या समुद्रापेक्षा
ती गादी जास्त ओली होती.

आता केस पांढरे झाले.
सलोमीबाई गेल्या, त्यांच्या जागी त्यांची नात बसते,
ती झोपत नाही, मोबाइल बघते.
मीही पुष्कळदा चुकतो,
एखादा गुळगुळीत शब्द अजून जिभेवर येतो,
मी तो गिळतो; कधी गिळायचा राहतो.

शनिवारी रात्री मात्र दिवा मालवून बसतो.
गोदीकडून कसलासा भोंगा येतो.
वरच्या मजल्यावर कुणीतरी काही सरकवतं,
डबा असेल, ट्रंक असेल.
मग बराच वेळ काही नाही.
मग कुणाच्या तरी दारावर थाप.

मी घड्याळ बघतो.