चार पॉइंट आठ

आधी आवाज आला.
कुणी जमिनीखालून जड कपाटं ओढत नेतंय,
एक झालं की दुसरं.
मग कुत्री गप्प झाली, आणि मग आम्ही हललो.

पायाखालची जमीन सरकली, असं आम्ही
नोकरी गेल्यावर म्हणायचो, डॉक्टरची चिठ्ठी वाचून म्हणायचो.
त्या रात्री जमिनीला दुसरा काही अर्थ नव्हता.
माइतेला काखोटीला मारून मी चौकटीत उभी,
आणि चौकट माझ्या खांद्याला धरून उभी.
तीन मिनिटं. मोजली नाहीत, नंतर कळलं.

रस्त्याकडची मातीची भिंत पडली.
आत नाही, बाहेर.
एवढ्या एका शब्दावर आम्ही तिघं जगलो.

कुरिकोत उजाडलं तेव्हा फेब्रुवारी संपत होता,
मळ्यांत द्राक्षं तोडणीला आलेली,
आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही
आमचा पलंग दिसत होता, त्यावरचं चुरगळलेलं अंथरूण.
समोरची एदुविना आली, काही न बोलता
निळ्या फुलांची चादर दोन खिळ्यांना बांधून गेली.
तिच्या घरात धड उरलेली ती एकच,
हे मला संध्याकाळी कळलं.

नवरा उत्तरेला, तांब्याच्या खाणीत.
फोन तिसऱ्या दिवशी लागला.
"कुठली भिंत?"
"रस्त्याची."
बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाला,
"म्हणजे आता उजेड येत असेल."

मग मागचे धक्के.
पहिल्या दिवशी किती, कुणास ठाऊक.
चौथ्या दिवसापासून सासऱ्यांनी मोजदाद हाती घेतली.
नोल्बेर्तो, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं.
बीटचा ट्रक फाटकातून आत वळला की
टायर किती बसलेत ते बघून टनांचा आकडा सांगायचे,
काटा नंतर हो म्हणायचा.
आता ते टेबलावर तळवा ठेवायचे, डोळे मिटून,
गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा.
"चार पॉइंट आठ."
दहा मिनिटांनी रेडिओ म्हणायचा, चार पॉइंट आठ.

माइते सात वर्षांची. तिनं पैज लावली:
चुकेल त्यानं घेवड्याची एक बी द्यायची.

आम्ही बूट घालून झोपायचो.
आंघोळ दार उघडं ठेवून, डोक्याला साबण न लावता.
आरसा खिळ्यावरून उतरवून जमिनीवर टेकलेला,
त्यात दिवसभर आमचे पायच दिसायचे.
एका रविवारी बाजार बंद होता, तेव्हा
पैजेच्या सगळ्या बिया कांदा-भोपळा घालून शिजवल्या.
"आज आपण साठ भूकंप खाल्ले," सासरे म्हणाले.
माइतेनं दोनदा वाढून घेतलं.

एप्रिलात ते विरळ झाले.
रेडिओ पुन्हा फुटबॉलवर आला.
विटांची नवी भिंत माझ्या कमरेपर्यंत, वर चादर.
एका संध्याकाळी चहा ओतला
आणि कप बशीवर किणकिणला.
माइते ओरडली, "तीन पॉइंट एक!"
मी दिव्याकडे पाहिलं. दिवा जागच्या जागी.
ग्लासातल्या पाण्यावर साधी सुरकुती नाही.
कप नोल्बेर्तोंच्या हातात होता.

त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला,
तरी तो थांबेना.
रेडिओवर कुणीतरी गोल केला.
माइते आकड्याची वाट बघत होती.
मग त्यांनी खिशात हात घातला,
एक बी चिमटीत धरायला त्यांना फार वेळ लागला,
ती तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले,
"तुझंच बरोबर. मी तीन म्हणणार होतो."

मी उठले, विटांना पाणी मारायला बाहेर गेले.
दुपारी एकदा मारून झालं होतं.