साडेतीन ग्रॅम

मकरपुऱ्यात समुद्र नाही.
शेड नंबर अकरा, पत्र्याचं छप्पर,
मागे बाभळी, आणि बरंच पलीकडे
विश्वामित्रीचं उकळून सोडलेल्या चहासारखं पाणी.
इथे मी पंपाचे पंखे तोलतो.
युद्धनौकेचे.

ड्रॉइंगवर जहाजाचं नाव नसतं.
नुसता आकडा, वर एक तिरका शिक्का,
आणि हसमुखभाई म्हणतात,
"शिर्के, आ नेवीनुं छे, जरा शांतीथी."
आपण केवढं अचूक बोललो
हे त्यांना कळलं नसेल.

पंखा फिरवायचा, मिनिटाला दीड हजार फेरे.
कुठेतरी एका बाजूला धातू किंचित जास्त असतो,
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही,
पण हिसका देतो.
हिसका पायव्यात उतरतो, पायव्यातून पोलादात,
पोलादातून पाण्यात,
आणि पाण्याच्या पोटात म्हणे काहीच राहत नाही.
कोसांवर कुणीतरी
कानाला यंत्र लावून बसलेलं असतं.

त्या माणसाचा मी विचार करतो कधीकधी.
तोही पगारी असेल, रात्रपाळीचा,
त्याच्याही डब्यात सकाळचीच भाजी.
त्याला काही ऐकू येऊ नये, एवढंच माझं काम.
त्याचं वाईट मी कधी चिंतलं नाही.
पण व्हायचं झालं तर ते न वाजता होईल
आणि त्या न वाजण्यात
माझा हात असेल.

माझा डावा कान गेलाय.
तरुणपणी आठ वर्षं फोर्जिंगच्या घणापाशी;
तेव्हा कानात कापूस घालणाऱ्याला हसायचे.
आता स्क्रीन आकडा दाखवते. तो खराच असतो.
तरी मी बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि थांबतो.

पुराच्या वर्षी आमच्या गल्लीत मगर आली.
कमरेएवढं पाणी, त्यावर दोन फुगवटे
भिजलेल्या अक्रोडांसारखे. बाकी सगळी खाली,
नऊ फूट तरी, आणि तरंग नाही.
रंजनबेन गच्चीवरून ओरडत होत्या.
मी मात्र बघत राहिलो. असं हवं काम.
जोडाला फट नाही, कुठे काटकोन नाही,
पडला उजेड तर भलतीकडेच निसटेल.
डिझाइनच्या ऋजुता दिघेनं मग समजावलं,
जहाजाच्या भिंतीही अशाच कलत्या ठेवतात, काका,
आलेला प्रश्न
विचारणाऱ्याकडे परत जाऊ नये म्हणून.
मी म्हटलं, हे तर आपल्या साहेबांना जन्मजात येतं.

जहाज पाण्यात उतरलं त्या दिवशी
कँटीनमध्ये टीव्ही, सगळ्यांना सेवउसळ.
झेंडे, बँड, फुटलेला नारळ,
आणि ते राखाडी काहीतरी घसरत गेलं,
खिडक्या नाहीत, चेहरा नाही,
कडक इस्त्रीची घडी उभी केल्यासारखं.
जिग्नेश म्हणाला, काका, आपला पंप कुठे?
मी काचेवर बोट ठेवलं, पाण्याच्या रेषेखाली.
साधारण. चुकलंही असेल.
बोटाचा रश्श्याचा डाग
बातम्या संपेपर्यंत तिथेच होता.

तोलताना धातू घालत नाहीत आम्ही, काढतो.
जड बाजूला ड्रिल, थोडं, परत फिरवा, परत थोडं.
शेवटच्या पंख्यातून साडेतीन ग्रॅम निघालं.
ब्राँझचा तो पिवळा कीस
वजन करून, सही घेऊन भंगारात द्यायचा असतो.
वहीत तीन भरलं.
अर्ध्याची चौकशी कुणी केली नाही.

रात्री शर्ट झटकताना वैजू म्हणाली,
अहो, हे बाहीच्या घडीत काय चमकतंय?

मी डावा कान
तिच्याकडे केला.